पाडव्याला उकरलेलं अंजीर

ऐंशीच्या दशकात नवऱ्याला मोटारीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मी मिशिगनला आले. तो सकाळी गाडी घेऊन जायचा आणि दिवसभर मी घरात एकटी. फोन वाजलाच तर राँग नंबर, आणि मी त्याच्याशीही दोन मिनिटं बोलायचे. हसू नका, खरंच बोलायचे.

शेजारी सिसिलीचे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. बायको गेलेली, तेही एकटेच. मी त्यांना काका म्हणायचे. कुंपणापाशी उभे राहून ते मोडक्या इंग्रजीत आपल्या बेटाचा इतिहास सांगायचे. अरब आले, त्यांनी लिंबं लावली, पाटाचं पाणी खेळवलं. मग नॉर्मन, मग स्पॅनिश. जमिनी सरदारांच्या घशात गेल्या, कसणारे उपाशी राहिले आणि अर्धं गाव बोटीत बसलं. त्यात काकाही. सोबत सासऱ्यांच्या मळ्यातली अंजिराची एक काडी आणली. तिचंच परसात झाड झालं होतं.

इथल्या थंडीत अंजीर टिकत नाही. म्हणून पानं गळली की काका एका बाजूची मुळं तोडून झाड आडवं करायचे, जुन्या गालिच्यात गुंडाळायचे आणि चक्क खड्ड्यात पुरायचे. त्या हिवाळ्यात ते मुलाकडे फ्लोरिडाला गेले. वसंत आला की झाड बाहेर काढ, असं मला बजावून गेले.

आता वसंत म्हणजे पाडवा, एवढं मला कळत नाही होय? पाडव्याला छान ऊन पडलं होतं. मी फावड्याने झाड उकरलं, उभं केलं, वर हळदकुंकूही वाहिलं. कपाळ माझं! आठवड्याभरात असा बर्फ पडला की सगळे कोंब काळे ठिक्कर पडले.

मे महिन्यात काका आले. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी फांदी मोडून पाहिली, बुंधा खरवडून पाहिला. हिरवं काही नव्हतं.

"पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं," ते म्हणाले. "आमच्या गावचा सण मार्चात असतो, म्हणून. तेव्हा बुंधा वाचला. पण बायको अजून गावीच होती, मला रागवायलासुद्धा इथे कोणी नव्हतं."

"मग मला रागवा ना," मी म्हटलं.

आणि ते रागावले. त्यांच्या भाषेत, हातवारे करत, चांगले दम लागेपर्यंत. मला एक शब्द कळला नाही. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला घरच्यासारखं झापत होतं. मी मान खाली घालून उभी होते आणि त्यांनी थांबू नये असं मला वाटत होतं.