पेटीतल्या अक्षता

माझे सासरे तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी आले, ते एक ट्रंक, एक वळकटी आणि आवाजाचं वेड घेऊन. आमचं गाव वाळव्याकडचं, चहूबाजूंनी ऊस. बाकीचे पेन्शनर पारावर बसून जुन्या लढाया नव्यानं जिंकायचे. आमचे मामंजी सोप्यात मांडी घालून स्पीकर जोडत बसायचे. सुटे भाग सांगलीहून आणलेले, लाकडी पेट्या गावच्या सुताराकडून करून घेतलेल्या, मधे अॅम्प्लिफायर आणि त्याच्या शेजारी रेकॉर्ड लावायचं यंत्र. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. डावीकडून एक आणि उजवीकडून दुसराच आवाज येतो, हे नवल ऐकायला शेजारच्या गावची माणसं चालत यायची. मी साताऱ्याची, शहरातली पोरगी म्हणून सासरी नाव होतं, पण असला थाट मीही पाहिला नव्हता.

त्यांचा कान फार तिखट होता. एकदा ढोलकीचा ठोका पोकळ वाटायला लागला. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, पण त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं, की एका पेटीच्या तारा उलट्या लागल्यात. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांनी समजावून सांगितलं, "दोनी पेट्यांतलं, स्पीकरच्या तोंडाचं कागद एकाच टायमाला म्होरं आलं पायजेत. परेडवानी. एक म्होरं आन एक मागं गेला, की खेळ खलास." आत्याबाई म्हणाल्या, "मला नगा सांगू, माझी भाकरी करपतीय."

माझ्याशी त्यांचं बोलणं असं नव्हतंच. सासऱ्यांच्या समोर यायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, बोलायचं ते दाराआडून आणि हळू, अशी आमच्या घरची रीत. नवरा फौजेत, दूर पोस्टिंगवर. घरात आम्ही तिघंच. मी दाराआडून विचारायचे, ते उत्तर द्यायचे नाहीत, मग मी आत्याबाईंच्या हाती चहा पाठवून द्यायचे. मोठ्या माणसानं सुनेला उत्तर देऊ नये, अशीही रीत असेल असं मी धरून चालले होते.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळे, नांगराचा फाळ, मामंजींची पकड आणि तारा जोडायला डाग द्यायची कांडी. त्या दिवशी उजव्या पेटीतला स्पीकर दुरुस्तीला काढून तोंड वर करून ठेवलेला होता. आत्याबाईंनी भक्तिभावानं त्याच्या कागदावरच हळदीकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी मामंजींनी तो वरवर पुसून पेटीत बसवला आणि वर जाळी ठोकली.

तेव्हापासून खालच्या सुरात आवाज गेला, की उजवी पेटी खरखरायची. ऐकायला आलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही वाट पाहिली, की आता मामंजी उठतील आणि पेटी उघडतील. ते डोळे मिटून डोलत राहिले.

दिवाळीनंतर त्यांची तक्रार सुरू झाली ती भलतीच. आवाज मेलाय म्हणायचे. बासरी पार गेली, झांज गेली. त्यांनी तारा बदलल्या, डाग पुन्हा दिले, बारीक आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आमच्या कानात सुया टोचायच्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी हलायची नाही. खरखर होती ती त्यांना ऐकू येत नव्हती, आणि नसलेला बिघाड ते शोधत होते.

"तोफांनी कान न्हेलं त्येंचं," आत्याबाई चुलीपाशी म्हणाल्या. "पर घरच्या वडील मानसाला सांगनार कोन?"

कोणीच सांगितलं नाही. माणसं यायची थांबली. मामंजी अधूनमधून पारावर जायचे, तेही बंद झालं, कारण तिथं हसायचं कधी ते त्यांना कळत नसावं. दिवसभर पेटीसमोर पाठमोरे बसायचे. माझा बापही म्हातारपणी असाच भिंतीकडे तोंड करून गेला होता. या माणसाचं तसं होऊ द्यायचं नाही, असं मला फार वाटायला लागलं.

शिमग्याच्या सुमारास एक दिवस त्यांनी दोन्ही पेट्यांना सुतळी बांधली. "उद्या सांगलीला न्हिऊन मोडीत घालतो. आता हात चालत न्हाई माझा."

आत्याबाई मला नको-नको म्हणत असताना मी सोप्यात गेले. सुतळी सोडली, पकडीनं खिळे उपसून उजव्या पेटीची जाळी काढली. कागदाच्या कडेला कुंकू वाळलेलं होतं आणि त्यात तांदूळ. मी रेकॉर्ड लावली, मामंजींचा हात धरून बोटं हलकेच कागदावर टेकवली. दाणे बोटांखाली नाचले. त्यांनी एक दाणा उचलून उजेडात धरला.

"कवापास्नं खरखरतंय?"

"दसऱ्यापासून," मी सवयीनं खाली मान घालून म्हणाले.

"काय?"

मी त्यांच्यासमोर बसले. तोंड वर केलं आणि शेतात हाक मारावी तसं ओरडले, "दसऱ्यापासून, मामंजी! तुमचा हात चांगला आहे. पेटी चांगली आहे. तुम्हाला ऐकू येत नाही!"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजी माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतात.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पर पेटी दुरुस्त करता येती, कान न्हाई." मग दाणा खाली ठेवत, "तुझा आवाज आज आयकला बघ. एवढी वर्सं दाराआडनं काय बोलत व्हतीस गं?"

"चहा आणू का, एवढंच विचारत होते," मी ओरडून सांगितलं.

"आन मी काय म्हनायचो?"

"काहीच नाही, मामंजी."

ते रडले. तोफखान्याचा सुभेदार सुनेसमोर रडला, आणि मी उठून दाराआड गेले नाही.