डोंगराला झेपतील तेवढ्या मेंढ्या

१६ सप्टेंबर १९७२. कळप चरायला गेल्यावर मी मेंढरांचा वाडा झाडत होते. लेंड्या पाटीत भरायच्या आणि खताच्या ढिगावर टाकायच्या, हे रोजचंच काम. त्या दिवशी पाटी निम्मीच भरली. मी लग्न होऊन आले तेव्हापेक्षा मेंढरं मात्र दुप्पट झाली होती. एक लेंडी फोडून पाहिली. आत गवत कमी आणि काटक्यांचे तंतूच जास्त. जनावरं झुडपांच्या साली खात होती.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेकडचं, कोरडं. नवरा फौजेत होता, त्यामुळे कळप धाकट्या दिराकडे आणि घर सासूबाईंकडे अन् माझ्याकडे. आमच्यात नर कोकरं बाजारात जातात, पण मेंढी कुणी विकत नाही. पावसाच्या बऱ्या सालांत घरोघरचे कळप वाढले. डोंगर होता तेवढाच राहिला. दिवाळीनंतर कृष्णाकाठी उतरायची सोय होती, पण तिकडची पड रानंही एकेक करून उसाखाली जात होती. आणि त्या साली पाऊस आलाच नाही.

संध्याकाळी दीर परतल्यावर मी सरळ सांगितलं, "भावजी, अंगावर मांस हाय तवर निम्म्या मेंढ्या काढूया."

तो हसला. "दादा तिकडं सरहद्द राखतोय आन् तुमी हितं कळप मोडताय व्हय, वैनी?"

"न्हाई मोडला तर आपोआप मोडंल."

"बरं, इकल्या. मग ऱ्हायलेला पाला कोन खाईल? शेजारच्यांची मेंढरं. डोंगर काय आपल्या नावावर हाय?"

त्याचं खरं होतं. पण शेजाऱ्यांना मिळू नये म्हणून मेंढ्या ठेवल्या, तरी त्यांचं पोट भरणार नव्हतं.

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लेकी इकत्यात का कुनी?"

"आत्या, जरा भाईर या."

मी त्यांना नुकत्याच व्यालेल्या मेंढीपाशी नेलं. कोकरू आचळाला लागे, सोडून देई आणि ओरडे. दूधच नव्हतं. सासूबाईंनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटं मणक्यांवर अडखळत गेली.

"म्होरल्या म्हैन्यात डोंगरावर काय ऱ्हाईल?" मी विचारलं.

"दगडं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या काढ. तरण्या ठेव. आन् मला बगाया बोलवू नगंस."

झोप कसली येते? निम्म्या काढून भागेल का, की आधीच उशीर झाला? नेमक्या चांगल्या जितराबावर हात पडला तर? आणि नवऱ्याला काय कळवायचं?

सकाळी वाड्याचं तोंड एका मेंढीपुरतं उघडं ठेवलं. दीर घुश्श्यातच होता, तरी एकेक मेंढी धरत होता. मी खालचा ओठ ओढून दात बघायची आणि दात झिजलेले किंवा पडलेले असले की पाठीवर गेरूचा पट्टा ओढायची. म्हाताऱ्या संपल्या, तरी निम्म्या भरल्या नव्हत्या. दिरानं माझ्याकडे पाहिलं. मी गेरूत पुन्हा बोटं बुडवली आणि चांगल्या दातांच्या मेंढ्यांवर पट्टे ओढायला लागले.