संपातली खडवलीची रिहर्सल

निर्माते प्रधान यांनी आम्हा चौदा लाइटमनना फसवलं. तेही संप चालू असताना, खडवलीला, भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी 'गैरसमज' हा शब्द वापरायला नको.

मी गॅफर, म्हणजे शूटिंगच्या लाइट विभागाचा मुकादम. कुठे किती उजेड हवा ते कॅमेरामन सांगतो, माझी माणसं तो पाडतात. डोंबिवलीत मांडवांना माळा लावत सुरुवात केली आणि तीस वर्षांत इथवर आलो. कुणी बोट धरून आणलं नाही.

संप आठ तासांच्या शिफ्टसाठी होता. आमची शिफ्ट कागदावर बारा तासांची, प्रत्यक्षात निर्मात्याचं मन भरेपर्यंत. खडवलीच्या एका कौलारू घरात सिनेमाचे शेवटचे पाच दिवस उरले होते, तेव्हा युनियनने काम थांबवलं. आम्ही चौदा जण लाइटच्या पेट्यांवर जाऊन बसलो. जनरेटरची किल्ली माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रधान आले.

"म्हात्रे, हिरॉइनच्या तारखा पाच दिवसांत संपतात. निदान रिहर्सल तरी करू द्या."

"रिहर्सल म्हणजे कामच झालं."

"कलाकारांचं. ते कुठे संपावर आहेत? तुम्ही बसा, चहा घ्या."

"आणि हा कॅमेरा कशाला?"

"छोटासा आहे हो. फ्रेम बघायला."

मी तासभर घासाघीस केली. शेवटी अट घातली: एकही लाइट लागणार नाही. घरातली ट्यूबसुद्धा नाही. लेखी द्या. "फारच ताणता बुवा तुम्ही," म्हणत त्यांनी सही ठोकली. इतक्या झटपट सही झाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण लाइटशिवाय सिनेमा होत नाही, हे मी तीस वर्षं बघत आलो होतो. अंधार रेकॉर्ड करून माणूस करणार काय?

आता सांगतो ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हल्लीचा कॅमेरा मांजरासारखा अंधारात बघतो.

रिहर्सल सुरू झाली. मी दारात राखण करत उभा. माझा सर्वांत जुना लाइटमन रमाकांत, कल्याणच्या कोळसेवाडीतला, माझ्या खांद्यावरून आत डोकावत होता.

"दादा, हिरॉइनताईंच्या तोंडावर काळोख आहे हो."

"असू दे. संप आहे."

"पण बघवत नाही."

आतून कॅमेरामन निहार म्हणाला, "काका, वरचं एक कौल सरकवलं तर?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी नीट विचार केला. कौल जनरेटरवर चालत नाही. कौलाला वायर नसते. युनियनच्या नियमांत कौलाबद्दल अवाक्षर नाही. मी निर्णय दिला, "चालेल."

रमाकांत शिडी लावून चढला, दोन कौलं सरकवली, आणि उन्हाचा पट्टा बरोबर ताईंच्या गालावर पडला. "आता कसं!" तो वरून ओरडला. पुढचे पाच दिवस तो छपरावरच होता. सूर्य सरकेल तशी कौलं सरकवत होता. मी युनियनच्या अध्यक्षांना रोज फोन करायचो, "सेटवर एकही लाइट लागलेला नाही."

"शाब्बास म्हात्रे! शंभर टक्के बंद!"

संप जिंकलो. आठ तास मंजूर झाले, तसा करार झाला. कल्याणच्या हॉलमध्ये मला शाल आणि नारळ मिळाला.

सिनेमा लागला. बघतो तर त्यात ती पाच दिवसांची रिहर्सल अख्खी. नैसर्गिक उजेडाचं जो तो कौतुक करत होता. प्रधान मुलाखतीत म्हणाले, "आमचा हा धाडसी प्रयोग." मी तडक त्यांचं नौपाड्यातलं ऑफिस गाठलं.

"साहेब, ती रिहर्सल होती!"

"होतीच. चांगली झाली, म्हणून ठेवली."

"पुढच्या सिनेमाला माझी माणसं?"

"चार."

"चौदा असतात!"

"असायची. चौदांशिवाय भागतं हे तुम्हीच दाखवलंत ना? चार माणसं, आठ तास. करार तंतोतंत पाळणार."

मी घरी येऊन करार काढला. तास होते, जेवणाची सुट्टी होती, उशीर झाला तर घरी सोडायला गाडी होती. चहा दोनदा की तीनदा यावर आम्ही अख्खी दुपार भांडलो होतो. किती माणसं घ्यायची, हे कुठेच नव्हतं. चौदा म्हणजे चौदाच, ते काय लिहायचं?

निहारला भराभर चढणारी तरुण मुलं हवी होती. रमाकांत वगळलेल्या दहांत गेला. रात्री घरी जेवायला मिळावं म्हणून तो संपात उतरला होता. आता दोन्ही वेळा घरीच जेवतो.

धडा एवढाच: तास मागायच्या आधी डोकी लिहून घ्यावीत.

अध्यक्ष म्हणतात, पुढच्या करारात बघू. प्रधान फोन उचलत नाहीत. करारावर माझीही सही आहे, म्हणून मी कोळसेवाडीत जाऊन रमाकांतसमोर बसलो आणि माझी चूक कबूल केली. आता प्रधान आणि अध्यक्ष, या दोघांनीही तिथे यावं. रिहर्सल सिनेमात कशी गेली हे प्रधानांनी सांगावं, आणि पुढच्या करारापर्यंत दहा घरांनी काय करायचं हे अध्यक्षांनी. पत्ता मी देतो.