सुमंगलाबाईंचे बुवा

देवासला टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या गल्लीत सुमंगलाबाई घाडगे राहतात. त्यांच्या घरात देव किती, असं कुणी विचारलं तर यशवंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, हसून सांगतात, "तेहतीस कोटी देवघरात, आणि एक धारला." धारचा तो एक म्हणजे कृष्णराव इंगळे, भजनं गाणारे बुवा. या थट्टेचा सुमंगलाबाईंना कधी राग आला नाही. उलट घरी नवीन माणूस आलं आणि यशवंतराव हे वाक्य बोलायला विसरले, तर बाईच चहाचा कप पुढे करत म्हणतात, "अहो, ते धारचं सांगा की."

बुवा काही फार मोठ्या नावाचे नव्हेत. मुंबई-पुण्याला त्यांना कुणी ओळखत नाही. पण धार, तिरला, धामनोद, इकडे देवासपर्यंत, ज्या देवळात चार माणसं मांडी घालून बसतील त्या देवळात ते गायले. एक पद मराठी, पुढचं माळवी, असा त्यांचा रिवाज. तुम्ही मूळचे कुठले, असं विचारलं की म्हणायचे, "पेटी ठेवली तिथला."

सुमंगलाबाईंनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते माहेरी, धामनोदला. वडील हमरस्त्यावर ट्रकांचे टायर दुरुस्त करायचे. दत्तजयंतीला बुवा आले, पण मांडवाचे बांबूच आले नव्हते. मग वडिलांनी दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे केले, फाळके खाली पाडले, वर सतरंजी अंथरली आणि बुवांना म्हणाले, "चढा." बुवा चढले. ड्रायव्हर, क्लीनर, ढाब्यावरचे आचारी, सगळे हातातलं काम टाकून येऊन बसले. गाणं संपलं, माणसं पांगली, तरी परकरातली सुमंगला चाकाला टेकून तशीच बसलेली. वडील म्हणाले, "चल गं, संपलं." ती म्हणाली, "नाही, अजून चालू आहे." वडिलांनी उगाच इकडेतिकडे पाहिलं.

ते तेव्हापासून चालूच आहे म्हणा ना.

लग्न होऊन त्या देवासला आल्या. यशवंतराव कारखान्यात फिटर. साताऱ्या-सांगलीकडून नोकरीला आलेली एकटी पोरं होती, त्यांचे डबे सुमंगलाबाईंनी सुरू केले. पहाटे पोळ्या लाटताना टेपरेकॉर्डरवर बुवांची कॅसेट. डबा न्यायला आलेला पोरगा दारात उभा राहून एक पद ऐकूनच जायचा, आणि संध्याकाळी रिकामा डबा परत देताना तेच गुणगुणायचा. "माझ्या पोळीबरोबर बुवा गेले आत," असं त्या अभिमानाने सांगत. कारखान्याला टाळं लागलं त्या वर्षी यशवंतराव दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. सुमंगलाबाई काही बोलायच्या नाहीत. कॅसेट तेवढी लावायच्या. एके दिवशी ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "आवाज थोडा मोठा कर." त्या दिवशी सुमंगलाबाईंनी देवाला साखर ठेवली.

गल्लीच्या गणेशोत्सवात बुवांना बोलवायचं हेही त्यांनीच काढलं. तेव्हा मंडळातले जाणते लोक म्हणाले, आता कार्यक्रम बायका ठरवणार का? सासूबाई इंदिराबाई कमी बोलायच्या. त्या ओसरीवरूनच म्हणाल्या, "ठरवून झालाय. तुम्ही सतरंज्या घाला." तेव्हापासून गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुवा, हे गल्लीत पक्कं झालं. "गौरी गेल्या, बुवा आले," असं पोरंसुद्धा म्हणू लागली.

आमंत्रण फोनवर द्यायचं नाही, हा बुवांचा दंडक. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सुमंगलाबाई स्वतः धारला जायच्या. ताटात नारळ, अक्षता आणि एक सुपारी घेऊन ते ताट बुवांपुढे ठेवायचं. बोलायचं काही नाही. बुवा सुपारी उचलणार, कपाळाला लावणार, उपरण्याच्या टोकाला बांधणार. झालं. मग आभाळ कोसळलं तरी ते येणार. कपाळाला लावलेली सुपारी परत ताटात ठेवत नाहीत.

गेल्या थंडीत बुवांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सुमंगलाबाईंनी अन्न सोडायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि आषाढात मंडळाची बैठक झाली तेव्हा विषय निघाला. मंडळाचा सेक्रेटरी कोण, तर त्यांचाच मुलगा नीलेश.

"आई, या वर्षी त्या दिवशी हाउजी ठेवतोय, तंबोला," तो घरी येऊन चपला काढता काढता म्हणाला.

"कोणत्या दिवशी?"

"तुला माहीत आहे कोणत्या. बुवा बोलू शकत नाहीत, गाणार कसे? तू सुपारी घेऊन जाशील आणि त्यांना उचलता येणार नाही. चांगलं दिसेल का ते?"

त्याच्या मागे अजेय उभा होता, मंडळाचा नवा अध्यक्ष. तो म्हणाला, "काकू, नीलेश भियाचं बरोबर आहे. धारहून हो आलं तर आम्ही हाउजी रद्द करू, पक्कं. नाही आलं तर मग तुम्ही नाराज नका होऊ."

"सुपारी ठेवणं माझं काम," सुमंगलाबाई म्हणाल्या. "उचलायची की नाही ते त्यांचं. तुम्ही कोण मधले?"

पण रात्रभर त्यांना झोप नव्हती. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. एकदा का त्या संध्याकाळी हाउजी बसली, की ती तिथून उठणार नाही. पुढच्या पोरांना बुवा कोण हेही ठाऊक राहणार नाही.

श्रावणातल्या सोमवारी उपास धरून त्या निघाल्या. बरोबर सून अल्पना. देवासहून इंदूर, मग गंगवाल स्टँडवरून धारची बस. मांडीवर रुमालाने झाकलेलं ताट.

बुवा खाटेवर उशांना टेकून बसले होते. सुमंगलाबाईंना पाहून डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून नुसता आवाज. बुवांची सून लतिका हळूच म्हणाली, "काकू, ताट नका ठेवू हो. परवा पेटी समोर आणली तर दिवसभर जेवले नाहीत."

सुमंगलाबाई थबकल्या. पण बुवांची नजर रुमालावर होती. त्यांना कळलं होतं आज कोणता वार ते. न ठेवणं म्हणजे त्यांच्यासमोर दार लावून घेणं. त्यांनी ताट खाटेवर ठेवलं.

बुवांनी उजव्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही. डावा हात ताटापर्यंत गेला आणि अलीकडेच थांबला. डाव्या हाताने देवाची सुपारी कशी उचलायची? मग उजव्या खांद्यालाच त्यांनी झटका दिला. ताट कलंडलं, अक्षता सांडल्या, आणि सुपारी टुणकन खाली पडून दरवाज्यापर्यंत घरंगळत गेली.

त्याच वेळी अवंती कामावरून आली. अवंती म्हणजे बुवांची नात, एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. एका हातात स्कूटीची किल्ली, कानाशी फोन. पायाशी सुपारी आलेली दिसली. देवाची वस्तू जमिनीवर पडली तर घरात सगळेच करतात तेच तिने केलं. चटकन उचलली, कपाळाला लावली आणि आता ठेवायची कुठे म्हणून मुठीत धरून उभी राहिली.

सगळ्यांचे डोळे तिच्या मुठीवर खिळले.

"क्या हुआ?" अवंतीने फोन बंद केला. "सगळे असे का पाहताहेत?"

लतिका डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. "अगं बाई, तू कपाळाला लावलीस!"

"मग काय पायाला लावू?"

आणि बुवा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून हसले. डाव्या हाताने त्यांनी आधी अवंतीकडे बोट केलं, मग सुमंगलाबाईंकडे.

अवंतीला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "नाही हं काकू. मी दहावीनंतर गायलेच नाही. आणि मराठी मला वाचायला नीट येत नाही, हिंदी मीडियम माझं. मी तर बस सुपारी उचलली!"

"चुकून उचलली," सुमंगलाबाई म्हणाल्या. त्यांना परत घेताही येत होती. हात पुढे केला असता तर पोरीने सुटले म्हणून दिली असती. खरं सांगायचं तर त्यांचं मनही तेच म्हणत होतं. बुवांच्या जागी दुसरं कुणी? त्या संध्याकाळी दुसरा आवाज? त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा आता हसत नव्हते. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून ते नातीकडे बघत होते, आणि थांबत नव्हते.

"लावलीस ना कपाळाला," सुमंगलाबाई शेवटी म्हणाल्या, "आता बांध पदराला."

"माझ्याकडे पदर कुठे आहे?" अवंती कुर्ता दाखवत म्हणाली.

"ओढणीला बांध. देवाला चालतं."

परतीच्या बसमध्ये त्या रुमालाची घडी घालत आणि मोडत बसल्या होत्या. अल्पनाने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "आई, तोंड का असं? हो तर आलं ना?"

"बुवांचं हो नाही ते."

"तुम्ही पण ना! ठेका मग कुणी धरला होता, मी?"

त्यावर सुमंगलाबाईंनी चार दाणे तोंडात टाकले.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी अवंतीचा फोन येऊ लागला. चाल तिला येत होती. लहानपणापासून घरात तेच ऐकलं होतं. अडायचं ते शब्दांवर. आजोबा सांगू शकत नाहीत, आईला अर्धे ठाऊक नाहीत.

"काकू, 'दिवा लाविला उंबऱ्यापाशी, कोण येईल ते येवो', यात उंबरा मतलब? झाड ना?"

"झाड कशाला? दाराची खालची चौकट. तिच्यावर पाय देऊन येऊ नये ती."

"अच्छा, देहली! मग असं सांगा ना."

एकदा सुमंगलाबाई फोनवरच संपूर्ण पद म्हणून दाखवू लागल्या. गॅसवर भाजी करपली. यशवंतराव आतून ओरडले, "धारच्या देवाला आज करपलेला नैवेद्य आहे का?"

गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मांडव भरला. अजेयने हाउजी खरंच रद्द केली होती. नीलेश स्वतः गाडी घेऊन धारला गेला आणि बुवांना मागच्या सीटवर आडवं टेकवून, दर गतिरोधकाला शिव्या घालत घेऊन आला. सतरंजीवर त्यांना बसवेना. म्हणून पुढे खुर्ची ठेवली, आणि शेजारच्या खुर्चीवर सुमंगलाबाई. इतक्या वर्षांत त्या बुवांच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या.

अवंतीचा आवाज पहिल्या पदाला कापत होता. मागे दोघीतिघी उठून गेल्या. सुमंगलाबाईंनी वळून अशी नजर टाकली की चौथी उठता उठता बसली. दुसरं पद उंबऱ्याचं. पहिली ओळ बुवांसारखीच, जशीच्या तशी. सुमंगलाबाईंनी डोळे मिटले. आणि अंतऱ्यात पोरगी वेगळ्याच वाटेने गेली. जिथे बुवा खाली उतरायचे तिथे ती वर चढली आणि वरच थांबली.

सुमंगलाबाईंचे डोळे खाडकन उघडले. चुकली! इतक्या वर्षांत तिथे बुवा कधी वर गेले नव्हते. त्यांनी घाबरून शेजारी पाहिलं. बुवांचा डावा हात हवेत होता. तो तसाच वर राहिला, अवंती परत समेवर येईपर्यंत. मग तो मांडीवर पडला आणि त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला, "वा."

थंडीपासून पहिला शब्द. लतिकाने तोंडाला पदर लावला. सुमंगलाबाईंची मान ताठ झाली, पाठ ताठ झाली, आणि त्या खुर्चीत अशा बसल्या की जणू ती वरची जागा त्यांनीच पोरीला सांगितली होती.

दुसऱ्या एका कारखान्यातल्या कुणा नव्या साहेबांची बायको मागच्या रांगेत होती. पुढे वाकून तिने विचारलं, "काकू, ही कोण गाते आहे हो?"

"आमची आहे," सुमंगलाबाई मागे न वळता म्हणाल्या. "धारची. हे आमचे बुवा, त्यांची. आता बोलू नका, तिसरं सुरू होतंय."