दिराच्या पाटीसमोर

लक्ष्मी मढवी माझ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, त्या एकट्याच. खुर्चीत नीट टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मना एक बिल्डिंग बांधायची हाय. एवढी उंच, का माज्या दिराच्या हॉलची पाटी रस्त्यावरनं दिसाय नको."

मी आर्किटेक्ट. लोक माझ्याकडे स्वप्नं घेऊन येतात, वास्तुशास्त्र घेऊन येतात. अशी मागणी पहिलीच. मी विचारलं, "काकू, बिल्डिंग कशासाठी हवीय? राहायला, दुकानांना की ऑफिसांना?"

"ते तुमी ठरवा. पाटीचं मी ठरवलंय."

मढवी डोंबिवली पूर्वेकडच्या एका जुन्या गावातले. आधी भातशेती आणि मिठागरातलं काम. पुढे शहर अंगावर आलं, शेतं गेली आणि उरलेल्या तुकड्यांचं सोनं झालं. काकूंचा नवरा विठ्ठल काविळीने गेला तेव्हा मुलगी समृद्धी शाळेत होती. वाटणीला गावातले जाणते बसले. धाकटा दीर रतन त्यांच्यादेखत म्हणाला, "रस्त्याकडची जागा माजी. वैनीला एकच पोर, ती पन उद्या परक्या घरी जानार. तिला कशाला पायजे फ्रंट?" कुणी तोंड उघडलं नाही. काकूंच्या वाट्याला मागचा, नाल्याकडचा चिखलाचा तुकडा आला.

रतनने पुढे लग्नाचा हॉल बांधला आणि गच्चीवर स्वतःच्या नावाची लाल अक्षरांची पाटी लावली. दोन जागांमध्ये भिंत घातली आणि भिंतीत लोखंडी गेट बसवलं. काकूंना घरी जायचं तर त्या गेटातून. ते उघडं असे, पण रतनच्या मर्जीने.

समृद्धीच्या लग्नाच्या दिवशी गेटला कुलूप होतं. हॉलवर त्याच दिवशी कुणा बड्या माणसाच्या घरचं लग्न होतं. काकू हळदीच्या हातांनी गज धरून दिराला हाका मारत राहिल्या. तो आला, पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, आज पार्टी मोठी हाय. वरात मागशी आना."

मागून म्हणजे नाल्याच्या कडेने, जिथे हॉलचं उष्टं टाकत. नवरदेवाकडची मंडळी खडवलीहून आली होती. नवरदेवाची आई पैठणी गुडघ्यापर्यंत वर धरून, उष्ट्या पत्रावळी तुडवत मांडवात आली. नंतर कित्येक वर्षं ती समृद्धीला चारचौघांत ऐकवायची, तुझ्या माहेराला पुढचं दार नाही.

"त्या दिवशी ठरवलं," काकू मला म्हणाल्या. "काय करीन ते ठावं नव्हतं. करीन एवढं ठावं होतं."

मग त्या नुसत्या थांबल्या. आणि काही वर्षांनी पालिकेचा नवा रुंद रस्ता नाल्याच्या बाजूने निघाला. नाला पाइपात गेला, वर डांबर पडलं, मधे झाडं लागली, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग सुरू झाली. जुन्या रस्त्यावर त्याच सुमारास उड्डाणपूल झाला. त्याचा उतार नेमका रतनच्या दारासमोर आला. गाड्या डोक्यावरून जायच्या, खाली कुणी वळायचं नाही. जी मागची बाजू होती ती पुढची झाली.

आधी रतनने मुलाला, कमलेशला, पाठवलं. मग स्वतः आला. दोघांची जागा एकत्र करू, मोठं हॉटेल काढू, दर्शनी भाग नव्या रस्त्यावर ठेवू, असं तासभर बोलला. काकूंनी चहा दिला, खारी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"भावजी," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमची पार्टी मोठी हाय. तुमी मागशीच बरे."

दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्यासमोर होत्या.

मी त्यांना ऑफिसांची इमारत सुचवली. त्या रस्त्यावर मागणी तशी होती, पण ती दर वर्षी बदलत होती. आज कॉल सेंटर, उद्या कोचिंग क्लास, परवा पॅथॉलॉजी लॅब. एकाच भाडेकरूच्या मापाने बांधलं तर तो गेल्यावर मजला रिकामा पडतो. म्हणून मी सांगितलं, खांब कमी आणि लांब लांब ठेवू. वायरी जमिनीपासून उचललेल्या लाद्यांखालून नेऊ. आतल्या भिंती विटांच्या नकोत, हलवता येणाऱ्या पार्टिशनच्या करू. जिने, लिफ्ट, संडास, सगळे पाइप एका बाजूला गोळा करू, म्हणजे उरलेला मजला मोकळा राहील.

"म्हंजे मांडव," काकू म्हणाल्या. "पायजे तसा घाला, पायजे तवा काढा."

"तसंच."

"मग ते संडास कुटं घेनार?"

मी नकाशावर रतनच्या हॉलची बाजू दाखवली. ती पश्चिम होती. दुपारचं ऊन जिने आणि संडासांनी अंगावर घेतलं तर ऑफिसं थंड राहणार होती. काकू नकाशावर बराच वेळ वाकून बसल्या. मग म्हणाल्या, "खिडक्या सगल्या त्याच्याकडं उगडतील ना?"

ड्रॉइंगवर मी टीप लिहिली: उष्णतेपासून संरक्षणासाठी सेवाकक्ष पश्चिमेला. टीप खरी होती. कारण दुसरं होतं आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. त्या इमारतीची मागची बाजू काढताना मला जेवढी मजा आली, तेवढी पुढची काचेची बाजू काढताना आली नाही, हेही खरं.

पैशाची बाजू एका बिल्डरने उचलली, अर्ध्या मजल्यांच्या बदल्यात. पाया खोदायला सुरुवात झाली आणि रतनने हरकत घेतली. या जागेतून आमची पूर्वापार वहिवाट आहे, ती मोकळी ठेवल्याशिवाय बांधकाम होऊ देणार नाही. काम थांबलं. पालिकेचा अधिकारी पाहणीला आला. काकूंनी वाटणीला बसलेल्यांपैकी एकटे हयात राहिलेले भिवा गायकर यांना रिक्षाने आणवलं.

रतनने भिंतीतल्या गेटकडे बोट केलं. "ही बघा वहिवाट."

"गेट कुणी बसवलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी."

"आणि हे कुलूप?"

भिवाबाबा काठीवर जोर देऊन पुढे आले. "रतन, वाटनीच्या टायमाला ही बाय तुज्याकडं वाट मागत होती. तू काय बोल्लास? हितं वाट नाय, माजी मेहेरबानी हाय. आमी सगले बसलेलो. तवा आमी गप बसलो. आज नाय बसनार."

अधिकाऱ्याने आणखी एकदोघांना विचारलं, जागा फिरून पाहिली. हरकत फेटाळली गेली. काकूंनी तिथे चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. माझ्या गाडीत बसल्यावर मात्र पदर तोंडावर धरून हसल्या, खांदे हलेपर्यंत.

समृद्धीला हे काहीच नको होतं. ती एकदा साइटवर आली, स्लॅबच्या सावलीत आईजवळ उभी राहिली. "आई, लग्न माझं होतं. मी विसरले ना?"

"तू इसर," काकू म्हणाल्या. "मी कशाला इसरू?"

"कमलेशने काय केलंय? तेव्हा तो लहानच होता."

"मी कमलेशला कुटं काय करते? मी माज्या जागेत बिल्डिंग बांधते."

समृद्धी त्यानंतर साइटवर आली नाही. उद्घाटनालाही नवऱ्याला एकट्याला पाठवलं. काकूंना ते लागलं, पण त्यांनी हातचं काम सोडलं नाही.

इमारत उभी राहिली तशी ती लाल पाटी नव्या रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशी झाली. आधी नावाचा खालचा भाग गेला, मग सगळंच. हॉलच्या वरच्या खोल्यांत भाड्याने असलेला क्लास आमच्या इमारतीत आला, त्याच्या मागोमाग एक दंतवैद्य आला. क्लास वाढला तेव्हा आम्ही दोन दिवसांत पार्टिशन सरकवून त्याला मोठा वर्ग करून दिला. पलीकडे हॉलवर लग्नं येईनात. ज्या हॉलच्या बाजूला मजल्यामागून मजला संडासाच्या खिडक्या, तिथे कोण मुलीचं लग्न लावेल?

रतनला अर्धांगाचा झटका आला. काकू भेटायला गेल्या नाहीत. पुढे कमलेशने हॉल विकायला काढला आणि गिऱ्हाइकं जागा बघून परत जाऊ लागली, तेव्हा काकूंनी मध्यस्थामार्फत निरोप धाडला, हॉल मी घेते. कमलेशने काकूंचं नाव ऐकलं आणि हो म्हणाला. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

नोंदणी कार्यालयात मी साक्षीदार होते. रतनला व्हीलचेअरवरून आणलं होतं. मान एका बाजूला कललेली, तोंडाच्या कडेला लाळ. तिथे दोन्ही पक्षांचे फोटो घेतात. कारकुनाने कॅमेरा वळवला, पण रतन जमिनीकडे बघत होता. काकू त्याच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, वर बगा. तुमचा फोटो काढतायत." त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही.

हॉल पाडला. आता तिथे आमच्या भाडेकरूंचं पार्किंग आहे. त्याची सगळी व्यवस्था कमलेश बघतो. उन्हात छत्रीखाली बसतो आणि पावत्या फाडतो. नोकरी काकूंनी स्वतः बोलावून दिली. तो त्यांना काकी म्हणतो, दुपारचा डबा त्यांच्या घरून येतो.

परवा पार्किंगमधून जाताना मी काकूंना विचारलं, "कमलेशला ठेवलंत ते त्याच्यासाठी की रतनभाऊंसाठी?"

त्या चालायच्या थांबल्या नाहीत. "दोगांसाठी, विनिताबाय," त्या म्हणाल्या. मग लिफ्टमध्ये शिरत तिसऱ्या मजल्याचं विचारू लागल्या. लॅबवाल्यांना अजून एक खोली हवी होती आणि सोमवारी माणसं पाठवता येतील का, ते त्यांना आजच कळायला हवं होतं.