एका डबीतले दोघे

कमलताई गेल्याचं मला दवाखान्यातून नाही, सखाहरीकडून कळलं. पाथरीच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात त्याच्या मेंढ्या बसल्या होत्या, तिथून त्याचा फोन आला. "साहेब, ताई गेल्या म्हणायलेत... खरं हाय का?" मी झरीला फोन लावला. झरी ताईंचं गाव, निवृत्तीनंतर त्या तिथंच राहायच्या. खरं होतं. सकाळचा चहा घेऊन ओसरीवर टेकल्या आणि तशाच गेल्या. इतकी वर्षं एका दवाखान्यात काम करून ही बातमी मला एका पेशंटनं द्यावी, याचा आधी रागच आला. ताई असत्या तर यावर पोटभर हसल्या असत्या.

जिल्ह्याच्या दवाखान्यात हिपॅटायटीस सी ची मोफत तपासणी आणि औषधं सुरू झाली, तेव्हा ताई त्या खोलीच्या सिस्टर झाल्या. मी शेजारच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा. ही रक्तातून पसरणारी कावीळ. वर्षानुवर्षं गप्प बसते आणि आतून यकृत पोखरते. अंग दुखलं की कुठंही जाऊन सुई टोचून घ्यायची आमच्याकडं भारी हौस, आणि ती सुई आधी कुणाला टोचली होती हे कोण विचारणार? सरकारचं धोरण मात्र चांगलं होतं. रोज एक गोळी, बारा आठवडे, आणि बहुतेक माणूस बरा. सगळे देश मिळून हा आजार हटवणार आहेत, असं प्रशिक्षणात पडद्यावर नकाशे लावून दाखवलं. ताई शेजारून कुजबुजल्या, "मधू, ह्यांना पेडगावच्या जीपचा टाइम तेवढा सांगा रे कुणीतरी. दिसातनं एकच येती."

सखाहरी पेडगावकडचा मेंढपाळ. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि त्यात हा आजार निघाला. ताईंनी त्याच्या बायकोला, वत्सलाला, बोलावून घेतलं. तिचीही पहिली तपासणी तशीच आली. पण औषध द्यायचं तर रक्तात विषाणू आहे की नाही याची दुसरी तपासणी लागते, आणि ते नमुने बाहेर जायचे. सखाहरीचा रिपोर्ट आला, वत्सलाचा अडकला. नियमानं सखाहरीला अठ्ठावीस गोळ्यांची डबी मिळाली. महिन्यानं तो दुसरी न्यायला वेळेवर आला, आणि पिशवीतून पहिली डबी काढून दाखवली, रिकामी.

"गोळ्या रोज घेतल्या ना?" मी विचारलं.

"घेतल्या की. एक दिस मी, एक दिस ही." तो आमच्याकडं असा बघायला लागला, जणू आम्हीच काहीतरी विचित्र विचारलंय. "घरात कायबी आलं तर आमी आर्धं आर्धं करतो. तिला बी तेच दुखणं. म्या एकट्यानं कसं खायचं?"

मला हसू आलं, पण लगेच विरलं. अर्धवट औषधानं विषाणू हटत नाही, उलट हट्टी होऊ शकतो. झालंही तसंच. पुन्हा तपासलं तर दोघांच्याही रक्तात तो होताच. त्यात फॉर्मवर रकाना होता, 'उपचार सोडला'. तिथं खूण झाली की सखाहरी बेभरवशाचा पेशंट ठरणार, आणि पुन्हा औषध मिळायचं अवघड. कारकुनानं पेन उघडलं, तसा ताईंनी फॉर्म ओढून घेतला. "त्यानं सोडला न्हाई, वाटला. वाटल्याचा रकाना हाय का तुझ्याकडं?"

तसा रकाना कुठंच नव्हता. मग ताईंनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात चूक आपल्या खोलीची आहे, असं स्वतःच्या सहीनं कबूल केलं. मी म्हणालो, ताई, कशाला अंगावर घेता? त्या म्हणाल्या, "डबी देताना म्या त्याला सगळं सांगितलं, कधी खायची, काय खायचं न्हाई. बायकोला कधी मिळंल ते न्हाई सांगितलं. मग त्यानं त्याच्या परीनं सोय केली." पत्राला उत्तर येईना. ताई रोज फोन करायच्या. त्या दिवसांत त्या चिडक्या झाल्या होत्या, माझ्याशीही दोनदा भांडल्या. शेवटी परवानगी आली, आणि ताईंनी दोघांना एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसवून वेगवेगळ्या डब्या दिल्या. पुढचे बारा आठवडे मेंढ्या ज्या रानात असतील तिथं रोज सकाळी फोन, "गिळली का? दोघांनीबी?"

उपचार संपल्यावर आणखी तीन महिन्यांनी शेवटची तपासणी. रिपोर्ट आधी माझ्या हातात आले. मी मुद्दाम तोंड पाडून ताईंच्या खोलीत गेलो. त्या खुर्चीवरून उठल्याच, पांढऱ्या पडल्या... मला राहवलं नाही, म्हणालो, "दोघंही साफ!" त्यांनी हातातली फाइल माझ्या पाठीत घातली आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या. ताईंना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

त्यांच्या जाण्याचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर ताईंची आठवण आली की मला बरंच वाटतं. परवा त्यांच्या खोलीत काही कागद द्यायला गेलो. आता तिथं नवी सिस्टर आहे, लातूरकडची. तिनं ताईंना पाहिलेलंही नाही. समोर एक बाई खाली मान घालून बसली होती. सिस्टरनं फॉर्म बाजूला सरकवला, नाव-वय काहीच न विचारता म्हणाली, "घरात कोण कोण हाय? बाहेर थांबले असतील तर आत बोलवा सगळ्यांना."

फॉर्मवर हा प्रश्न नाही. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? ती गोंधळली. "इथं आधीपासून असंच करतात ना, सर?"

दारातून बाईचा नवरा, सासू आणि दोन मुली आत आल्या. मी परत प्रयोगशाळेत गेलो, बाईच्या रक्तासाठी एक नळी काढली, तिच्या शेजारी आणखी चार ठेवल्या.