पिशवीतला धोंडा
नव्या तरटाच्या पोत्याचा वास आला की मला परतूरच्या आमच्या ओसरीवरची, सत्तरच्या दशकातली एक सकाळ आठवते. मला पाहायला आलेला मुलगा मुंबईच्या प्रयोगशाळेत अणुकेंद्रकांची वजनं करतो म्हणाला, तेव्हा ज्वारीच्या पोत्याला टेकलेल्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. आडतीवर कडत्याच्या, म्हणजे घट धरण्याच्या नावाखाली वजनातून कापलेला माल त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. मुलगा सांगत होता, की केंद्रकातले कण सुटे मोजले तर वजन जास्त भरतं आणि एकत्र बांधलेले असले तर थोडं कमी. ती घट सिद्धांताच्या गणिताशी जुळते का, हे त्यांच्या प्रयोगशाळेत तपासतात. "बांधल्यावर घटतंय, अन् खाल्लं कुनीच न्हाई? आमचा आडत्या बी हेच म्हणून राह्यला," वडील म्हणाले. "मामा, ती घट ऊर्जा होऊन निघून जाते." "मंग काटाच खोटा नसंल कशावरून?" दारामागे माझा जीव टांगणीला लागला, कारण मला आवडलेलं आधीचं स्थळ त्यांनी अशाच संशयानं परत पाठवलं होतं. मुलगा म्हणाला, "आम्हालाही काट्याचाच संशय येतो. म्हणून आधी कार्बन मोजतो. त्याचं वजन ठरलेलं आहे. ते बरोबर आलं तरच पुढचं खरं." वडिलांनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्यातला दोन किलोचा धोंडा त्याच्यापुढे ठेवला, माल घालण्याआधी ते आडत्याच्या काट्यावर तोच ठेवून पाहत. "हा आमचा कार्बन," ते म्हणाले, आणि त्यांनी आईला पोहे आणायला सांगितले. लग्नानंतर तो धोंडा माझ्याबरोबर आला. आजही रद्दीवाला आला की आधी तोच काट्यावर चढतो, आणि आमच्या घरात त्याला कुणी हसत नाही.